पारंपरिक कोकणी परसबाग, पर स्क्वेअर फूट

ज्यांचं कोकणात गावचं घर आहे आणि ते वर्षातला बराचसा काळ कुलूपबंद असतं अशांसाठी हा रिव्ह्यू आहे, बाकीच्यांनी टाइमपास म्हणून वाचा. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण भांडण त्या एका कंपनीशी नाहीच, पारंपरिक परसबाग करून देण्याची असली पॅकेजेस आता चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत कोणीही देतंय. नर्सरीवाले देतात, बांधकाम कॉन्ट्रॅक्टर देतात, एकाने तर आम्हाला बोअरवेलसोबत डिस्काउंटमध्ये देतो म्हणून सांगितलं होतं.

आमचं घर राजापूर तालुक्यात. आधी घराचं काम काढलं, कौलं जाऊन पत्रा आला, मागचं न्हाणीघर पाडून आत अटॅच्ड बाथरूम झालं, सभोवतीची वई, म्हणजे झाडाझुडपांचं जिवंत कुंपण, आणि अर्धा पडलेला दगडी गडगा काढून चिऱ्याचं कंपाऊंड घातलं. मग माझा चुलत भाऊ, म्हणजे आमचा दादा, जो पुण्यात बसून गावची कामं व्हॉट्सॅपवर करतो, त्याने हे पॅकेज बुक केलं. ब्रोशरवर नऊवारीतली बाई, हातात सूप, मागे माड. पॅकेजमध्ये काय काय, तर साइट व्हिजिट, थ्रीडी ड्रॉइंग, जेसीबीने लेव्हलिंग, लाल मातीचा भराव, वीड मॅट, ठिबक, ‘तीस प्रकारची पारंपरिक झाडं’ आणि सहा महिने मेंटेनन्स. रेट पर स्क्वेअर फूट. सगळं मिळून नव्वद हजारांच्या आसपास गेले.

आधी चांगलं सांगते, नाहीतर म्हणाल नुसती कुरकुर. पोरं वेळेवर आली, कामाला चोख, नीट बोलणारी, जेवायला बसवलं तर ताटं स्वतः विसळून ठेवणारी. ठिबक एक नंबर, टायमर लावलाय, एप्रिल-मेमध्ये घर बंद असताना एकही कलम मेलं नाही. कोकमाची झाडं कलमी दिली हे मला खरंच आवडलं, कारण कोकम बी रुजवून लावलं तर त्यातली जवळजवळ निम्मी झाडं नर निघतात आणि ते कळायला सहा-सात वर्षं वाट बघायची, मग फळ नाही म्हणून तोडायची. आमच्या आजोबांच्या वेळची तशी दोन उभी होती. काजूची वेंगुर्ला-७ दिली, ती पण जोमात आहे. म्हणजे कलमं, ठिबक आणि वागणूक, तिन्हीला पूर्ण मार्क.

आता ‘तीस प्रकार’. मी यादी घेऊन मोजत फिरले. त्यात फॉक्सटेल पाम, अरेका पाम, सायकस, गोल्डन ड्युरांटा, अकॅलिफा, दोन रंगांची बोगनवेल, हेलिकोनिया, लाल आणि पांढरा प्लुमेरिया, म्हणजे चाफाच, पण नर्सरीत तो प्लुमेरिया झाला की दोनशे रुपयांनी वाढतो. जास्वंदीचे पाच प्रकार धरले होते पाच म्हणून, सगळ्या हायब्रीड, मोठ्ठाल्या फुलांच्या, पण गणपतीला लागते ती साधी लाल पाच पाकळ्यांची त्यात नाही. मिरी होती ती कुंडीतली बुश पेपर. हळद होती ती सांगलीकडची सेलम, ग्रो बॅगमध्ये. आणि वरताण म्हणजे अळू. मुख्य दरवाजाच्या दोन्ही बाजूंना काळपट चकचकीत पानांचं ‘अळू’ लावलेलं, दिसायला इतकं देखणं की दादाने त्याचा डीपी ठेवला. काकूने पान उलटं करून बघितलं, देठ चिमटीत धरला आणि त्या सुपरवायझर पोराला विचारलं, "ह्याचं फदफदं करशील तर घसा धरेल रे बाबा, हे कोणी सांगितलं तुला अळू?" तो म्हणाला, काकी, लिस्टमध्ये एलिफंट इअर लिहिलंय, मराठीत अळूच होतं ना. होतं बाबा होतं.

पण खरं सांगायचं तर झाडं चुकीची आली याचा मला तेवढा त्रास नाही, झाडं बदलता येतात. ती जागाच गेलीय जिथे ती बाकीची झाडं राहायची, आणि ती कुठल्याच ड्रॉइंगमध्ये नाही, म्हणून हा एवढा लांबलचक रिव्ह्यू.

आमच्या जुन्या परड्यात, म्हणजे घराच्या परसात, काय काय होतं हे मी काकूला बसवून लिहून घेतलं. घेताना लक्षात आलं की ती झाडांची नावं सांगतच नाहीये, ती जागा सांगतेय. न्हाणीच्या मागे केळी आणि अळू, वडीचं वेगळं, भाजीचं वेगळं, कारण आंघोळीचं पाणी तिकडे जायचं. तिथेच कडेला सोनटक्का आणि गवती चहा. वईवर तोंडली, गोकर्ण, गुळवेल, आणि करांद्याचा वेल, ज्याला हवेत बटाट्यासारखे करांदे लागतात. वईचे खुंट म्हणजे मोगली एरंड, निगडी, शेर, एखादा पांगारा, त्या पांगाऱ्यावर मिरी. उकिरड्याच्या कडेला लाल भोपळा, दरवर्षी आपोआप. विहिरीजवळ अनंत, अबोली, तगर. फणसाच्या सावलीत हळद, आंबेहळद, सुरण, त्याच्या पलीकडे कणगर. पावसाळ्यात मांडवावर पडवळ, दोडकी, कारली, तवसं, चिबूड. मांडव उतरला की त्याच जागी थंडीत लाल माठ, मुळा आणि वाल. बिंबल एक, तोरिंजन एक, तिरफळ सड्याकडच्या, म्हणजे कातळाच्या माळाकडच्या, कोपऱ्यात कारण काटे. आणि अडुळसा, पानओवा, पानफुटी, यांना तर कोणी लावलंसुद्धा नव्हतं म्हणे, ती ‘होतीच’. काकूची यादी साठाच्या वर गेली आणि ती पण मध्येच चहा ठेवायला उठली म्हणून थांबली.

आता हीच यादी घेऊन घराभोवती चाला. न्हाणीघर आत आलं, पाणी पाइपातून शोषखड्ड्यात गेलं, म्हणजे केळी-अळूचा तो ओला पट्टा गेला. कोणी तोडला नाही हं तो, दोन उन्हाळ्यांत आपला आपण वाळला. वई जाऊन चिऱ्याचं कंपाऊंड आलं, म्हणजे करांदे, तोंडली, गोकर्ण, गुळवेल यांना चढायला काही उरलं नाही, आणि एरंड, निगडी तर कुंपणासकटच उपटली गेली. गॅस आल्यावर चुलीची राख गेली, आता राखेचा आणि झाडांचा काय संबंध म्हणाल तर काकू भाजीचं बी राखेत घोळवून, बाटलीत भरून चुलीवरच्या फळीवर ठेवायची, धुराने कीड लागायची नाही. गुरं विकली म्हणून उकिरडा गेला. सगळ्या सुधारणाच, त्यातली एकही मला परत नकोय, पावसात रात्री बाहेरच्या न्हाणीघरात जायचं काय ते बायकांना विचारा. पण प्रत्येक सुधारणेसोबत चार-पाच झाडं गेली आणि त्याचा हिशोब कोणी ठेवला नाही.

हे फक्त घराभोवतीचं झालं. त्याच्या बाहेरची गोष्ट आणखी जुनी आहे. १९९० साली रोजगार हमीला जोडलेली फळबाग योजना आली, अनुदान मिळालं, आणि आमच्या काकांनी पण वरकस जमिनीत, जिथे नाचणी, वरी, हरीक, तीळ व्हायचे, तिथे हापूस आणि काजू लावला. बरं केलं त्यांनी, त्या कलमांवर दोन बहिणींची लग्नं झाली, दादाचं इंजिनिअरिंग झालं. पण कलमबाग एकदा घराच्या पाठीमागे येऊन टेकली की मग परडंसुद्धा हळूहळू कलमबागच होतं. परड्यातला जुना रायवळ, ज्याला आमच्यात साखऱ्या म्हणायचे, तो छाटून त्यावर हापूस बांधला. दुसरा, आंबट्या, लोणच्याचा, तो सावली करतो म्हणून तोडला. पोफळीच्या चार झाडांमध्ये पण एक कलम. गडी मिळेनात म्हणून आधी ग्रासकटर आणि मग तणनाशक, ग्लायफोसेट, जे बागेत मारता मारता परड्याच्या कडेपर्यंत यायचंच, आणि ते मारणाऱ्याला तण कुठलं नि टाकळा, कुर्डू, भारंगी कुठली हे विचारायला काकू काही उन्हात उभी राहणार नव्हती. पावसाच्या पहिल्या पंधरवड्यात परड्यातून फुकट मिळणारी भाजी अशी संपली. आता कृषी विभाग ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरवतं, तिथे जाऊन आम्ही ती विकत घेतो, फोटो काढतो.

माझ्या आत्याचं तर घरच हायवेवर, मुंबई-गोवा चौपदरीकरणात पुढचं अंगण आणि बाजूची वाडी गेली. पंचनाम्यात माड, आंबा, फणस मोजले, त्याचे पैसे मिळाले, रीतसर. अबोली, सुरण, हळदीचा वाफा याला रकानाच नसतो. ड्रॉइंगवाल्यांचं पण तेच आहे, जे नर्सरीत मिळतं तेवढंच त्यांच्या लिस्टमध्ये असतं, आणि नर्सरीत काय असतं तर ज्याला गिऱ्हाईक आहे ते. करांद्याला कुठलं गिऱ्हाईक? तो मिळतो शेजारच्या वहिनीकडे, आणि तीही पैसे घेत नाही, "ने गो दोन, लाव कुठेतरी" म्हणते.

इथे एक मुद्दा आहे जो मला पॅकेजवाल्यांना पण सांगायचा होता आणि सांगितला पण, त्यांनी मान डोलावली. परड्यातल्या अर्ध्या गोष्टींचं बी नसतंच. सुरणाचा गड्डा, हळदीची कुडी, अळकुड्या, कणगर, केळीचा मुनवा, अबोलीची फांदी. बी असतं ते डब्यात राहतं. गावठी बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरेंना २०२० ची पद्मश्री जाहीर झाली तेव्हा सगळ्यांना बीज बँक कळली आणि ते काम थोर आहेच, पण सुरण बरणीत ठेवता येत नाही. तो काढायचा, सुकवायचा, पुढच्या मृगाच्या आधी परत लावायचा. आणि तुमचा कुजला तर ज्याला मागच्या वर्षी दिला होता त्याच्याकडून परत आणायचा. वाडीतली घरं उघडी होती तोवर हे चालायचं, गणपतीत आरतीला जाता-येता कोणाच्या ना कोणाच्या पिशवीत काहीतरी कंद असायचाच. आता आमच्या वाडीत पावसाळ्यात दिवे लागणारी घरं थोडीच. एकाचा सुरण गेला की गावातून गेला, असं होत आलंय.

आणि त्यात माकडं. हा विषय काढला नाही तर कोकणातला माणूस रिव्ह्यू खोटा म्हणेल. जी घरं उघडी आहेत त्यांनीसुद्धा भाजी लावणं सोडलं ते माकडांनी आणि डुकरांनी. डोंगरातलं खाणं कमी झालं, आमची बंद घरं वाढली, त्यांना राखणारं कोणी नाही, मग ती येणारच. पॅकेजवाल्यांनी यावर झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत वीज सोडणारं यंत्र, सुचवलं, एक्स्ट्रा चार्ज. आम्ही घेतलं नाही.

आता वीड मॅटबद्दल, कारण माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच. काळं विणलेलं प्लास्टिक अख्ख्या परड्यावर अंथरलंय, त्यावर खडी, झाडापुरतं गोल भोक. दिसतं छान, गवत येत नाही, शहरातून येणाऱ्याला हवंच असतं. जूनमध्ये पाऊस पडून आठवडा झाला होता, मी आणि काकू बाहेर आलो तर फणसाच्या बाजूला ती मॅट टम्म फुगलेली, वरची खडी बाजूला सरकलेली. मला वाटलं उंदीर नाहीतर सापच. काकूने विळी आणून मॅट कापली, आत सुरणाचा कोंब, मनगटाएवढा जाड, हिरवट-गुलाबी, वर ठिपके, उजेड नाही म्हणून पांढरा पडत चाललेला आणि वरून आडवा वाकलेला. जेसीबी फिरला, भराव पडला, तरी एक गड्डा खाली राहिला होता. मग आम्ही दोघींनी जिथे जिथे मॅट वर आली होती तिथे तिथे चिरे दिले. आंबेहळद तीन ठिकाणी निघाली. हळद नाही निघाली. कणगर नाही. तेरं, म्हणजे रानअळू, मात्र कुठून कुठून निघालं, ते मरत नाही.

मेंटेनन्सवाला पोरगा पुढच्या व्हिजिटला आला आणि कापलेली मॅट बघून त्याचा चेहराच पडला, कारण त्याला फोटो अपलोड करावे लागतात. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की वॉरंटी जाईल. जाऊ दे म्हटलं.

अजून एक, त्यांनी मागच्या बाजूला लोखंडी पाइपचा पर्गोला उभारलाय, वर कुठलीतरी निळ्या फुलांची वेल सोडायची होती, ती काही लागली नाही. काकूने खाली अळं करून पडवळ आणि दोडका लावला, बी कुठून तर तिच्या माहेरून, लांज्याहून. ऑगस्टमध्ये पर्गोल्याला पडवळं लोंबत होती, सरळ वाढावीत म्हणून प्रत्येकाच्या टोकाला सुतळीने खडा बांधलेला, आणि मधूनमधून कंपनीचे ते वॉर्म व्हाइट एलईडी. अख्ख्या पॅकेजमधली सगळ्यात उपयोगी वस्तू ती निघाली, मांडव दरवर्षी घालायला माणूस मिळत नव्हता, तो प्रश्न कायमचा सुटला. याचे मी वेगळे मार्क देईन, त्यांनी मागितले नसले तरी.

कोणी म्हणेल की मग कंपनी काय वाईट, विद्यापीठपण मिश्र बागच सांगतं ना. सांगतं की. रत्नागिरीजवळ भाट्याला नारळ संशोधन केंद्र आहे, त्यांची लाखीबाग प्रसिद्ध आहे, माडांच्या मधल्या जागेत जायफळ, दालचिनी, मिरी, म्हणजे तेवढ्याच जमिनीत उत्पन्न वाढवायचं. ज्याला बागायत करून पोट भरायचंय त्याने तेच करावं, मी स्वतः सांगेन. पण तिथे जी झाडं येतात ती बाजारात विकली जाणारी येतात. परड्यातल्या बहुतेक गोष्टी घरातल्या चार माणसांच्या वर कोणाला लागत नाहीत. पोराला खोकला झाला की अडुळसा, नागपंचमीला पातोळ्यांना हळदीचं पान, माशाच्या कढीला तिरफळ, आणि दक्षिणेकडे कुडाळ-सावंतवाडीला, तसंच गोव्यात, गणपतीवर बांधायच्या माटवीला कवंडळ, कांगण्या, आंबाडे, तोरिंजन, सुपारीचं शिपटं. माझी वहिनी सावंतवाडीची, ती सांगते की माटवीचं सामान पूर्वी घरच्या परड्यातून आणि मागच्या डोंगरातून यायचं, आता चतुर्थीच्या बाजारात विकत मिळतं. मिळतं हे बरंच आहे, पण डोंगरातलं ओरबाडून आणलेलं असतं बरंचसं.

तर ज्यांना हे पॅकेज घ्यायचंच आहे, आणि घ्या, मी अडवत नाही, बंद घरापुढे काहीच नसण्यापेक्षा कोकम बरं, त्यांनी बुकिंगच्या आधी थोडी हुज्जत घाला. जेसीबी घराच्या मागच्या बाजूला नेऊ देऊ नका, पुढचं अंगण काय ते लेव्हल करा. पावसाळा एक जाऊ द्या आणि जमिनीतून आपलं आपण काय काय वर येतंय ते गावातल्या म्हाताऱ्या बाईला सोबत घेऊन बघा, मग ड्रॉइंग करायला सांगा. वीड मॅट फक्त पायवाटेखाली. बाथरूमचं पाणी, संडासाचं नव्हे, फक्त आंघोळीचं आणि धुण्याचं, वेगळ्या पाइपने केळीकडे काढून मागा, प्लंबर कटकट करेल पण काम फार नाहीये, आम्ही आता उलटं खोदून करून घेतोय आणि डबल पैसे जातायत. कंपाऊंडची एक तरी बाजू वईची ठेवा. झाडांच्या यादीत ‘अळू’ लिहिलं असेल तर कुठलं ते विचारा, शक्य असेल तर खाऊन दाखवायला सांगा. हा शेवटचा विनोद आहे, खरंच खाऊ नका.

रेटिंग पाचपैकी अडीच. ठिबक, कलमं आणि पर्गोला यांचे अडीच, ‘पारंपरिक’चे शून्य. पुढच्या वर्षीचं मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्ट आम्ही घेतलेलं नाही, त्यातले थोडे पैसे शेजारच्या वहिनीला देऊन मृगाच्या आधी सुरण-हळद लावायचं ठरवलंय. ती पैसे घ्यायला तयार नाहीये, त्यावर काकूची आणि तिची बोलणी चालू आहेत. एलिफंट इअर कोणाला हवं असेल तर दोन मोठी झुडपं आहेत, स्वतः येऊन खणून न्यावीत, फुकट.